आसलखेड ते धामणसर, अर्धा तास

आसलखेडहून धामणसरला निघालेलं मंगळवारचं विमान अजून पोचलेलं नव्हतं. ते वर दिसत होतं. ऊन कोवळं असताना मान वर केली की बाभळीच्या शेंड्यापासून चार बोटं उजवीकडे, भुईमुगाच्या शेंगेएवढं, पांढरं. त्याच्या पुढे त्याच्या आधीचं. त्याच्याही पुढे दिवाळीला निघालेलं, त्यात मुलगी बघायला चाललेली पवारांची मंडळी होती. ती मुलगी एव्हाना दुसरीकडे दिली गेली, तिला लेकरू झालं, आणि नवरदेव अजून वर खिडकीशी बसून भांग पाडत होता. नजर चांगली असेल त्याला भांग दिसायचा.

विमानतळाच्या भिंतीवर मात्र निळी पाटी होती : आसलखेड ते धामणसर, अर्धा तास. पाटी खोटी नव्हती. बदलीवर निघालेला मास्तर, औषधं विकणारा पोरगा, असली परगावची माणसं तेवढी बसली की विमान खरंच अर्ध्या तासात उतरायचं. अडकायची ती गावची माणसं, कारण गावच्या माणसांनी जमीन विकली होती.

यात झाकण्यासारखं काही नाही. दोन्ही गावांतलं शेंबडं पोरसुद्धा हे सांगेल. विमानतळाला जमीन लागली तेव्हा मोजणीवाले आले. आसलखेडनं त्यांना बोकड कापून घातला. जेवण रंगात आलं की ज्याचं शेत असेल तो मोजणीच्या फितीचं टोक धरून सावकाश मागे सरकायचा. साहेब नळी चोखत आकडा सांगायचे, कारकून लिहायचा. अंधाराचा आडोसासुद्धा कुणी घेतला नाही. भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बांध चालत गेले. धामणसरला बोकडाऐवजी मासे होते, बाकी तेच. साहेबाला दिसत होतं, तालुक्याला दिसत होतं, वरून येऊन नारळ फोडून गेले त्यांनाही दिसत होतं. ज्याला त्याला आपल्या ताटातलं दिसत होतं. शेवटी आसलखेडनं जेवढी जमीन विकली तेवढी आसलखेडच्या आभाळाखाली नव्हतीच. विमानतळ झाला तो खऱ्या जमिनीवर. उरलेली, म्हणजे नसलेली पण विकलेली, तिला कुठेतरी जायला हवं होतं. या भागात खोटं वाया जात नाही. ते कुठेतरी जाऊन पडतंच. ही जमीन जाऊन दोन विमानतळांच्या मधे पडली. वरून जाणाऱ्या माणसाला आता आपली आपली जमीन ओलांडल्याशिवाय पलीकडे उतरता येत नव्हतं, आणि विमानात ज्याची जमीन सगळ्यात मोठी, त्याच्या वेळेनं सगळं विमान पोचायचं.

म्हणून तिकीट देणारी पोरगी सामान किती ते विचारायची आणि रांगेतली माणसं एकमेकांना जमीन किती ते विचारायची.

कौतिकाला सकाळी जावयाचा फोन आला. ती चुलीपुढे होती.

"मामी, प्रणिताला वेणा सुरू झाल्या. दवाखान्यात आणलंय."

"मग."

"मग काय. ती म्हणती, माय आल्याशिवाय मी लेकराला बाहेर येऊ देणार नाही."

जावई रामकिसन हे असं सांगत होता, जसं कुणी दार आतून लावून घेतल्याचं सांगावं. कौतिकाला यात वेडेपणा दिसला नाही. पहिल्या खेपेला रीतीप्रमाणे प्रणितानं माहेरी यायला हवं होतं. पण तेव्हा तिचा बाप, कौतिकाचा नवरा सटवाजी, माजघरात शेवटच्या घटका मोजत पडला होता, आणि मरत्या माणसाच्या घरात बाळंतीण आणायची नाही म्हणून तिला सासरीच ठेवली. इकडं सटवाजी गेला त्याच दिवशी तिकडं प्रणिताचं लेकरू आलं. ते रडलं नाही. त्याला रडवायला जवळ आपलं कुणी नव्हतं, असं प्रणिता म्हणाली. आता ती धरून बसली होती.

"मी येते," कौतिका म्हणाली. "तिला म्हणावं अर्धा तास."

दुसरी वाट नव्हती. जुना रस्ता धावपट्टीच्या खाली गेला होता. एसटी जिल्ह्याला वळसा घालून जायची, आणि त्या वळशावरच्या पुलाचं काम उद्घाटनानंतर सुरू झालं होतं. कौतिकानं डिंकाचे लाडू डब्यात भरले, नेसून नेसून मऊ झालेली दोन लुगडी फाडून त्यांची बाळुती केली, पिशवी उचलली आणि निघाली.

रांगेत सात माणसं होती. पंप विकणारा शिरसाट नावाचा एक माणूस, तो परगावचा. गुरव मॅडम, शाळेवर बदलीनं आलेल्या आणि बदलीनंच चाललेल्या. तीन पोरं, कसल्याशा परीक्षेला निघालेली. ती पोरं कौतिकाकडं बघून कुजबुजली.

"मावशी, तुमच्याकडून किती गेली?" शिरसाटनं विचारलं.

"आमच्याकडं कुठं जमीन. आम्ही रोजानं जाणारी माणसं."

"म्हणजे काहीच नाही?"

"दोन एकर गेली."

"रोजानं जाणाऱ्यांची?"

"तेव्हा सगळेच विकत होते," कौतिका म्हणाली. "दोन एकराला विमानाला काय वेळ लागतो. बैलाला लागत नाही."

हे पटण्यासारखं होतं. पोरं रांगेतच राहिली. तेवढ्यात सातवा माणूस, तोंडाला उपरणं गुंडाळून उभा होता, त्याचं उपरणं वाऱ्यानं सुटलं, आणि ते दिगंबर अप्पा निघाले. दिगंबर अप्पा म्हणजे पंधरा वर्षं सरपंच. फितीचं टोक धरून ते मागे सरकले तेव्हा ओढा ओलांडून गेले होते. पोरांनी पिशव्या उचलल्या.

"थांबा रे, पळू नका," अप्पा म्हणाले. "मी सगळी धाकट्याच्या नावावर करून आलोय. माझ्या अंगावर आज एक गुंठा नाही. मोतिबिंदू काढायचाय मला, मरायचं नाही."

"धाकट्याला माहीत आहे का?" मॅडमनी विचारलं.

"त्याला सांगायचं काय त्यात. भाऊ आहे."

पोरं तरीही गेली. परीक्षा पुन्हा येईल म्हणाली. बाकीचे चौघं विमानात चढले. कौतिकाशेजारी अप्पा बसले. हवाईसुंदरी पुण्याकडची होती. तिनं चौघांना मिळून नमस्कार केला, प्रवासाचा वेळ अर्धा तास आहे असं सांगितलं आणि कागदी कपातून चहा दिला. विमान उडालं. आसलखेड ताटाएवढं झालं, मग वाटीएवढं.

अर्धा तास झाला. खाली आसलखेडची खोटी जमीन सुरू झाली होती, ती कुणालाही ओळखू येत होती, कारण तिच्यावर सावली पडत नव्हती. विमानाचीसुद्धा नाही. एकेकाचे तुकडे मागे जात होते. हे घाडगेंचं, हे देवस्थानचं, हे वेड्या नामदेवचं ज्याला विकलेलं माहीतच नव्हतं. सगळी जमीन तांबूस, नांगरट न झालेली, आणि कुठेच एक चिटपाखरू नाही. अप्पांचा तुकडा आला तेव्हा अप्पा आपलं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं तसे दुसरीकडे बघत बसले. तो पटकन गेला. खरंच त्यांच्या अंगावर काही नव्हतं.

मग एक जमीन लागली आणि ती जाईना.

सूर्य पंखाच्या टोकाला लागून होता. तो तिथंच राहिला. हवाईसुंदरीनं पुन्हा चहा आणला. कौतिकानं खिडकीला कपाळ लावलं. खाली नुसती जमीन होती. झाड नाही, दगड नाही, ओहोळ नाही, रंग बदलत नाही. विमानाचा आवाज येत होता, म्हणजे ते चाललं होतं. पण पुढची जमीन मागच्या जमिनीसारखी असेल तर चालणं कशावरून कळावं.

फोन वाजला. विमानात फोन लागत नाही असं कुणीतरी म्हणतं, पण आपलं माणूस अडलं असलं की लागतो.

"मामी, कुठवर आला?" रामकिसन विचारत होता.

"आलेच. तिला काय म्हणतात डॉक्टर?"

"डॉक्टर बदलले. पहिले गेले बदलून. नवे म्हणतात, बाईनं धरून ठेवलंय, आमचा इलाज चालत नाही. पोळा झाला मामी. आम्हाला वाटलं तुम्ही पोळ्याला तरी पोचाल."

"पोळा कसला बाबा. मी चहा प्यालेय आत्ता."

"पोळा झाला," रामकिसन पुन्हा म्हणाला, आणि मागं कुठंतरी प्रणिता दात आवळून कण्हली, तेवढं कौतिकाला ऐकू आलं. फोन बंद झाला.

शिरसाट उठून मधल्या वाटेत उभा राहिला. त्यानं एकेकाकडं बघितलं.

"ही कुणाची आहे?" तो म्हणाला. "खरं सांगा. मला संध्याकाळी दुकानदाराला भेटायचंय."

"माझी धाकट्याच्या नावावर आहे," अप्पा म्हणाले.

"मी भाड्याच्या खोलीत राहते," मॅडम म्हणाल्या.

राहिली कौतिका.

"दोन एकर फक्त," ती म्हणाली.

अप्पांनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं. पंधरा वर्षं सरपंच असलेल्या माणसाला काही गोष्टी कळतात, फक्त तो त्या वेळेवर सांगत नाही.

"कौतिके, सटवाजीनं ती मोजून कशी दिली? त्याच्याकडं तर टाचणीला जागा नव्हती."

कौतिकानं सांगितलं. लपवायचं तेव्हाही काही नव्हतं. सटवाजी मोजणीवाल्यांची झेंडी धरायचा. झेंडी घेऊन तो लांब उभा राहायचा आणि गावाच्या जमिनी त्याच्याकडं बघत बघत वाढायच्या. शेवटच्या दिवशी साहेब ढेकर देऊन म्हणाले, सगळ्यांची झाली, तुझी कुठंय रे. सटवाजीनं झेंडीनं लांब दाखवलं, ती काय तिकडं. किती. दोन एकर. साहेबांनी विचारलं, पूर्वेला कोण? सटवाजी म्हणाला, कुणी नाही. पश्चिमेला? कुणी नाही. दक्षिणेला, उत्तरेला? कुणी नाही साहेब, आमच्या शेजारी कोण येतंय. कारकुनानं चारी बाजूंना निरंक असं लिहिलं. साहेब हसले आणि सही केली. त्या दोन एकरावर प्रणिताचं लग्न झालं. मांडव, भांडी, जावयाचा पोशाख, सगळं. तिला धामणसरला धाडली ती याच जमिनीवरून धाडली.

"हात्तिच्या," अप्पा म्हणाले. "दोन एकर नाहीत ही. आम्ही खोटं वाढवलं, पण शेवटी कुणाच्या तरी बांधाला जाऊन टेकलो. तुमच्याला बांधच नाही. जिला चारी बाजूंनी कुणी नाही ती संपणार कुठं?"

हे सगळ्यांना लगेच पटलं.  मॅडमनी पर्समधून बडीशेप काढून खाल्ली. हवाईसुंदरीनं चहा आणला.

खाली, त्या तांबूस जमिनीच्या मधोमध, एक माणूस उभा होता. पांढरं धोतर, डोक्याला गुंडाळलेली टापशी, हातात झेंडी. कौतिकानं त्याला उभं राहण्याच्या ढबीवरून ओळखलं. सटवाजी गेला तेव्हा तिनं त्याला हेच धोतर नेसवलं होतं. तिनं काचेवर हात मारला. त्यानं वर पाहिलं नाही. तो झेंडी धरून समोर बघत होता, जसं कुणीतरी समोरून फीत घेऊन यायचं आहे. तो मागे गेला. थोड्या वेळानं पुन्हा आला. मग पुन्हा.

"बांध घालावा लागेल," कौतिका म्हणाली.

"वरून?" शिरसाट म्हणाला.

"निशाणी टाकू. दगड टाकला की हद्द होती."

दगड विमानात कुठून येणार. तिनं पिशवीतून डबा काढला. खिडकीची काच एसटीच्या काचेसारखी अर्धी खाली सरकली. तिनं डिंकाचे लाडू एकेक करून खाली सोडले. लाडू जाताना दिसले. लहान होत गेले, मोहरीएवढे झाले, आणि तसेच मोहरीएवढे पडत राहिले. पोचताना दिसले नाहीत. मग तिनं बाळुत्यांना गाठी मारून त्यांची दोरी केली आणि तीही सोडली, बांधासारखी आडवी पडावी म्हणून. दोरी वाऱ्यानं सरळ झाली, उलगडली, एकेक बाळुतं सुटून कावळ्यासारखं तरंगत मागं गेलं.

फोन वाजला.

"मामी, दसरा झाला. दवाखान्याला रंग देत्यात. तिला खाटेसकट व्हरांड्यात आणलंय."

"तिला फोन दे."

"ती बोलू शकत नाही, दात आवळलेत ना. मामी, एक सांगू का, ती पातळ झालीय. म्हणजे वाळलीय असं नाही. तिच्यातनं पलीकडची भिंत दिसायला लागलीय. सिस्टरबाई म्हणल्या, अजून थोडं असंच चाललं तर नुसती भिंतच दिसंल."

"आणि लेकरू?"

"ते हाय. ते चांगलं मोठं झालंय. आतनं विचारतंय, आजी कुठवर आली."

  फोन गेला.

ती अप्पांकडं वळली.

"अप्पा, तुम्ही माझ्या बांधाला या."

"काय?"

"शेजारी या माझ्या. म्हणा की पूर्वेला मी आहे. म्हणा की कौतिकेनं माझं चार हात दाबलं. मी भांडते तुमच्याशी. भांडण झालं की बांध होतो. आख्ख्या गावात असाच झालाय."

हे अप्पांनाही नाकारता येईना. बांधाच्या भांडणात त्यांचं आयुष्य गेलं होतं. सख्ख्या चुलत्याच्या हद्दीत त्यांनी वितीवितीनं नांगर घातला होता. दुसऱ्याचं दाबणं त्यांच्या हाडात होतं. त्यांचे ओठ एकदा हललेसुद्धा. मग ते मिटले.

"नको," ते म्हणाले. "मी बांधाला आलो की ती मला अंगाला लागणार. आत्ताच मी मोकळा झालोय."

"तुम्ही उभ्या जन्मात कुणाची जमीन नको म्हणाला नाहीत अप्पा."

"ती जमीन होती. हे काय आहे, तूच बघ खाली."

"चार हात म्हणा. नुसतं म्हणा."

"माझा मोतिबिंदू आहे, मला काही दिसत नाही," अप्पा म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

कौतिकानं शिरसाटला विचारलं. तो म्हणाला, मी परगावचा, मला इथल्या भानगडी माहीत नाहीत. तिनं मॅडमना विचारलं. मॅडमना वाईट वाटलं. त्यांनी कौतिकाचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, मी केलं असतं हो, पण माझी बदली सोयीची झालीय, आता त्यात काही निघायला नको. तिनं हवाईसुंदरीला विचारलं. ती म्हणाली, मॅडम, प्रवासाचा वेळ अर्धा तास आहे. सगळी चांगली माणसं. चोरायची होती तेव्हा सगळ्या जगाला जमीन हवी होती. आता ती एका बाईच्या गळ्यात पडली तर चार हातसुद्धा कुणाला नको होते. आणि वर प्रत्येकाजवळ कारण होतं, तेही खरं होतं. खऱ्या कारणानं माणूस जितका हरामखोर होतो तितका खोट्यानं होत नाही.

सूर्य पंखाच्या टोकाला होता. खालून सटवाजी पुन्हा गेला. या वेळी तो खाली बसला होता, झेंडी मांडीवर घेऊन. पाय दुखले असतील. त्याच्यामागची जमीन त्याच्यापुढच्या जमिनीसारखीच होती. कौतिकाला त्याचा राग आला, मग गेला. तो तरी काय बोलला होता. तिकडं हाय, एवढंच बोलला होता. झेंडी दाखवून दोन शब्द, आणि एवढं सगळं झालं. आभाळ पुरत नव्हतं याला.

ती बराच वेळ तेच बघत राहिली. दोन शब्दांत किती झालं ते.

फोन वाजला तेव्हा तिनं तो लगेच घेतला नाही.

"मामी," रामकिसन म्हणाला. त्याचा आवाज म्हाताऱ्या माणसाचा झाला होता, किंवा रडून तसा झाला होता. "आता उशीवर नुसती उशीच दिसती. हात धरलाय मी तिचा, तो तेवढा लागतोय. डॉक्टर म्हणतात, सांगा तिला कुणीतरी, सोड म्हणावं. ती कुणाचंच ऐकत नाही. तुम्ही कुठं आहात?"

कौतिकानं खाली पाहिलं. शेजारी अप्पा डोळे मिटून जागे होते.

"आले मी," ती म्हणाली.

"कुठं?"

"उतरले. आले दवाखान्यात. पायरी चढतेय. दाराशीच आहे बघ."

तिचा आवाज साफ होता. खोटं बोलायला तिला या आधी कधी लागलं नव्हतं, ते काम सटवाजीनं केलं होतं. पण आसलखेडच्या माणसाला ते शिकावं लागत नाही.

पलीकडं थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज आला. मग चपला वाजल्या. एक टाच घासत, एक सरळ, अशी चाल कौतिकाला माहीत होती, कारण ती तिची होती. दाराची कडी वाजली.

"आलात का," रामकिसन म्हणाला. तो फोनमध्ये बोलत नव्हता. "या मामी, या. वाट सोडा रे. बघ गं, कोण आलंय बघ."

कुणीतरी खोकलं. दम लागल्यावर कौतिका खोकायची तसं, आधी एकदा, मग दोनदा. पिशवी खाली ठेवल्याचा आवाज झाला. पिशवी जड होती.

"आले गं बाई," तो आवाज म्हणाला. "लई उशीर झाला मला. सोड आता. मी धरते. सोड."

कौतिका फोन कानाशी इतका दाबून बसली होती की कान दुखायला लागला. तिकडं प्रणितानं दात सोडले. आधी तिचा श्वास आला, लांब, पोळ्याच्या आधीपासून कोंडून ठेवलेला. मग ती ओरडली. मग सिस्टरबाई काही म्हणाल्या, काहीतरी धातूचं पडलं, कुणीतरी पाणी मागितलं, आणि त्या सगळ्या गलबल्याच्या वर एक लेकरू रडलं. चांगलं खणखणीत, रागानं. भूक लागलेल्या माणसासारखं.

कौतिकानं विमानात दोन्ही हात जोडले, म्हणून फोन पडता पडता राहिला. तिनं तो पुन्हा कानाला लावला.

"रामकिसन," ती म्हणाली. "ए बाबा. काय झालं? पोरगा का पोरगी?"

"कोण बोलतंय?"

"मी. कौतिका."

"कोण कौतिका?"

"तुझी मामी. प्रणिताची माय. ती कशी हाय? दिसाया लागली का?"

 रामकिसन फोनपासून तोंड बाजूला करून कुणाशी तरी बोलला. "मामी, कुणीतरी बाई हाय. तुमचंच नाव सांगती."

"ठेव बाबा तो फोन," तिचा स्वतःचा आवाज म्हणाला, दमलेला, सुखी, लेकराला मांडीवर घेऊन बोलणाऱ्या बाईचा असतो तसा. "आसलखेडचं असंल कुणीतरी. तिथली माणसं काय बी सांगत्यात."

फोन बंद झाला. तिनं परत लावला. त्या नंबरवर आता कुणीच नव्हतं, आणि तिचा स्वतःचा नंबरसुद्धा आता तिचा राहिला नव्हता. फोनच्या काळ्या काचेत तिच्या तोंडाऐवजी तिच्याच सीटची पाठ दिसत होती.

जिची जमीन होती ती बाई आता पोचली होती. सूर्य पंखावरून खाली सरकला. खालच्या जमिनीवर विमानाची सावली पडली, मग एक बाभूळ आली, एक विहीर, कडब्याची गंजी, धुणं वाळत घातलेलं. शिरसाटनं घड्याळ बघितलं आणि समाधानानं मान हलवली.

"अर्ध्या तासात आलो की," तो मॅडमना म्हणाला. "लोक उगाच काहीबाही सांगतात."

"लोकांना काय हो," मॅडम म्हणाल्या.

"अप्पा," कौतिका म्हणाली. "अप्पा, मी नात बघायला खाली उतरते का नाही बघा. का नातू आहे, तेही कळलं नाही."

अप्पांनी डोळे उघडले. त्यांनी तिच्याकडं, म्हणजे तिच्या पलीकडच्या खिडकीकडं पाहिलं आणि धामणसरची धावपट्टी बघून हसले. मग त्यांनी पायाशी ठेवलेली आपली बॅग उचलली आणि शेजारच्या सीटवर, कौतिका बसली होती तिथंच, ठेवली. कौतिकाला बॅगेचं वजन लागलं नाही. बॅग तिच्यात शिरली होती, तिला बॅगेच्या तळाची शिवण तेवढी दिसली, आतून.

हवाईसुंदरी मधल्या वाटेनं एकेक रांग बघत आली. "सर, उतरताना सीटवर बॅग चालत नाही," ती म्हणाली आणि तिनं ती उचलून वर कप्प्यात टाकली. मग तिनं शेजारच्या सीटवरचे लोंबते पट्टे हातात घेतले, रिकाम्या सीटचे घेतात तसे एकमेकांत अडकवले, आणि ढिले राहू नयेत म्हणून पार सीटच्या पाठीला टेकेपर्यंत ओढायला लागली. कौतिकानं श्वास सोडून पोट आत घेतलं.